नारळावरचा हात

विधानसभेच्या एका निवडणुकीतली गोष्ट. मतदानाला दोन दिवस राहिले होते. तिन्हीसांजेला आमच्या वाडीत चार-पाच जण आले. एकाच्या हातात नारळ, दुसऱ्याच्या पिशवीत तांदूळ. प्रत्येक घराच्या ओटीवर नारळ ठेवायचा, ग्रामदेवतेचं नाव घेऊन वर चार दाणे टाकायचे आणि घरातल्यांनी एकेक करून त्यावर हात ठेवत मत कुणाला देणार ते बोलायचं, असा कार्यक्रम. आमच्या काकीनेही हात ठेवला. नाही म्हणायची सोय नव्हती. आलेली पोरं तिच्याच डोळ्यांसमोर लहानाची मोठी झालेली. मी शाळामास्तर, निवडणुकीच्या ड्युट्या करून केस पिकलेले. ते गेल्यावर तिला समजावलं, "काकी, मत गुप्त आसता. तू खयचा बटण दाबलंस ता कोणाक कळाचा नाय."

ती म्हणाली, "तुका कळाचा नाय रे झिला. देवाक कळता मां."

मला उत्तर सुचलं नाही. मतदान केंद्रावरचा पुठ्ठ्याचा आडोसा माणसांच्या नजरेसाठी असतो. देवाच्या नजरेआड मत देण्याची सोय निवडणूक आयोगाकडे नाही.

धर्म आणि राजकारण हा विषय निघाला की टपरीवर लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, देव देवळात ठेवा. दुसरा म्हणतो, ज्याला देवाची भीती नाही तो पुढारी काय कामाचा? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण एक प्रश्न दोघेही विचारत नाहीत: त्या श्रद्धेची किंमत मोजतंय कोण? पुढारी स्वतः, की त्याच्यासमोर हात जोडून उभा असलेला माणूस? आमच्या कोकणपट्टीतली चार उदाहरणं घेतली तर हा गुंता बराचसा सुटतो.

कायद्याला देवाचा धाक माहीत आहे

आपल्या निवडणुकीच्या कायद्याला देवाधर्मातलं काही कळत नाही, असा अनेकांचा समज असतो. उलट आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३ मध्ये 'भ्रष्ट आचरण' कशाला म्हणायचं ते सांगितलंय. पहिली लाच. तिच्या पाठोपाठ गैरवाजवी दडपण. आणि त्या दडपणात काय काय येतं हे सांगताना कायदा स्पष्ट म्हणतो की तुझ्यावर किंवा तुझ्या माणसांवर दैवी कोप होईल, असं मतदाराला वाटायला लावणं हेसुद्धा दडपणच. म्हणजे काकीच्या ओटीवरचा तो नारळ.

हे काही स्वातंत्र्यानंतरचं शहाणपण नाही. १९२० साली भारतीय दंडसंहितेत निवडणुकीचे गुन्हे घातले गेले, तेव्हापासून दैवी कोपाची धमकी हा गुन्हा आहे. आता दंडसंहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी कलम १७१ मध्ये ही तरतूद तशीच आहे आणि कलम १७४ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

लाच आणि नारळ यांत फरक काय, हे आमच्याकडे कुणालाही विचारा. एकाकडून पैसे घेऊन दुसऱ्याला मत देणारे हुशार लोक वाडीवाडीत आहेत आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. पैसे देणाराही ते जाणून असतो. नारळावर हात ठेवलेला माणूस मात्र सहसा फिरत नाही. पुढे वर्षभरात घरात कुणी आजारी पडलं, म्हैस मेली, मुंबईतल्या मुलाची नोकरी गेली, तर पहिला विचार त्या हाताचा येतो. म्हणून नारळ हे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत टिकाऊ हत्यार. ते चालतं ते मतदाराच्या खऱ्या श्रद्धेवर. जो ते चालवतो त्याची श्रद्धा असायची गरजच नाही.

मग तक्रार का होत नाही? निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करावी लागते, साक्षीदार उभे करावे लागतात. आणि साक्ष कुणी द्यायची? काकीने? ज्या पोरांनी उद्या तिला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचं, त्यांच्याविरुद्ध?

लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या त्याच कलम १२३ चं तिसरं पोटकलम धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या नावाने मत मागायला बंदी करतं. त्यातल्या 'त्याचा धर्म' या शब्दांवर मोठा वाद झाला. त्याचा म्हणजे कुणाचा? फक्त उमेदवाराचा की मतदाराचाही? मुंबईत सांताक्रूझ मतदारसंघातल्या १९९० सालच्या निवडणुकीवरून निघालेला हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांसमोर आला आणि २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने निकाल लागला की मतदाराचा धर्मही त्यात येतो. तू अमुक धर्माचा, म्हणून मला मत दे, असंही म्हणता येणार नाही.

मला विचाराल तर अल्पमतातल्या तिघांचं म्हणणंही तितकंच वाचण्यासारखं आहे. ज्यांना धर्माच्या किंवा जातीच्या नावाने पिढ्यान् पिढ्या डावललं गेलं, त्यांनी ते दुःख निवडणुकीत बोलायचंच नाही का, असा त्यांचा सवाल होता. महाडच्या तळ्याचा विषय जातीचं आणि धर्माचं नाव न घेता कसा बोलणार?

पुढाऱ्याने हात ठेवला तर?

मतदाराने शपथ घेण्याऐवजी पुढाऱ्यानेच घेतली तर? याचं उत्तर आमच्या शेजारी, गोव्यात मिळालं. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीआधी, जानेवारीत, काँग्रेसच्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या क्रुसापाशी आणि बेतीच्या हमजा शाह दर्ग्यात नेऊन शपथ देवविली गेली की निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही. तीन धर्मांचे देव साक्षीला. पक्षाचे ११ आमदार निवडून आले. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांतले आठ जण भाजपमध्ये गेले. देवाच्या शपथेचं काय, असं विचारल्यावर त्यांच्यातल्या एका ज्येष्ठ नेत्याने सांगितलं की मी पुन्हा देवाला विचारलं आणि देवाने तुला योग्य वाटेल ते कर असं सांगितलं.

आठच का, हेही समजून घेण्यासारखं आहे. १९८५ साली राज्यघटनेत दहावी अनुसूची आली, तोच पक्षांतरबंदी कायदा. विधिमंडळ पक्षाच्या दोन तृतीयांश सदस्यांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं ठरवलं तर त्यांची आमदारकी जात नाही, अशी पळवाट त्यात आहे. अकराचे दोन तृतीयांश म्हणजे सात आणि काही अपूर्णांक. म्हणजे आठ लागतात. देवाच्या शपथेत अपूर्णांक नव्हता, कायद्यात होता, आणि पाळला गेला तो कायदा.

ज्या काकीला त्या निवडणुकीतून एक दमडी मिळायची नव्हती, ती एका नारळाने बांधली गेली. ज्यांच्या हातात सगळं होतं, ते तीन देवस्थानांनीही बांधले गेले नाहीत. देवाचा धाक समाजात सारखा वाटला गेलेला नाही. जो जितका खाली, त्याच्या वाट्याला तितका जास्त.

राज्यघटना लिहिणाऱ्यांना याची जाण असावी. मंत्रिपदाची शपथ घेताना 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' किंवा 'गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो', यातलं हवं ते म्हणण्याची मुभा आहे. देव मानणारा मंत्री आणि न मानणारा मंत्री, दोघांच्या शपथेची सुरुवात वेगळी. पुढचा मजकूर एकच: कुणाविषयीही ममत्वभाव किंवा आकस न बाळगता सगळ्यांना संविधान आणि कायद्याप्रमाणे न्याय्य वागणूक द्यायची. श्रद्धा ही मंत्र्याची खाजगी गोष्ट म्हणून त्याच्यावर सोडली, आणि वागणूक सर्वांची म्हणून तिला पर्याय ठेवला नाही.

बारा पाचांचा देव

श्रद्धा आणि नीती या दोन शब्दांची आपण नेहमी गल्लत करतो. श्रद्धा सांगते, माझं कोण. नीती विचारते, जो माझा नाही त्याच्याशी तू कसा वागतोस.

कोकणातली गावऱ्हाटी, म्हणजे बारा-पाच मानकऱ्यांनी देवाच्या नावाने चालवायची गावाची जुनी व्यवस्था, या दोन्हींच्या मधोमध उभी आहे. देवळातलं गाऱ्हाणं ज्यांनी ऐकलंय त्यांना ठाऊक आहे की ते एकट्यादुकट्यासाठी नसतं. गुरव किंवा गावकर देवाला हाक घालतो, रयतेला, लेकराबाळांना, गुराढोरांना, मुंबईला गेलेल्या चाकरमान्याला सुखी ठेव म्हणतो, आणि प्रत्येक वाक्यावर जमलेले सगळे 'होय म्हाराजा' म्हणून रुकार देतात. गाव म्हणजे सगळे मिळून, ही जाणीव त्यात आहे. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळण घ्या. रामेश्वराचा कौल झाला की तीन दिवस, तीन रात्री अख्खं गाव घरं बंद करून, कुत्री-कोंबड्या घेऊन वेशीबाहेर राहुट्यांत राहायला जातं. त्यात मुसलमान कुटुंबंही जातात. देव हिंदूंचा, पण गाव सगळ्यांचं, म्हणून पळण सगळ्यांची. समाजशास्त्रज्ञ ज्याला सामाजिक भांडवल की काय म्हणतात, ते शेणाने सारवलेल्या जमिनीवर चुली मांडून बसलेलं बघायचं असेल तर तिथे बघावं.

पण त्याच गावऱ्हाटीत मान जन्माने मिळतो. पालखीला खांदा कुणी द्यायचा, पहिला प्रसाद कुणाचा, कुणी पायरीच्या खालीच थांबायचं, हे सगळं ठरलेलं. 'होय म्हाराजा' सगळे म्हणतात, पण उभे राहायच्या जागा वेगवेगळ्या. आपल्यातल्यांची काळजी घेणारी श्रद्धा आपल्याबाहेरच्याला ओळखतही नाही, असं होऊ शकतं. आणि तिथे नीतीची कसोटी लागते.

ती सगळ्यांत कडक लागली महाडला. मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली ठराव मांडला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. तो मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. झालं? कागदावर झालं. तीन वर्षं कुणी तळ्यावर जाऊ धजलं नाही आणि कुणी कुणाला नेलं नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंच्या समुदायासह गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. मग वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली, परतणाऱ्या लोकांवर काठ्या चालल्या. पुढे तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून 'शुद्धी' झाली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला.

एक नगरपालिका, एकच तळं, तीन वर्षांत दोन उलटे ठराव. विकास म्हणजे ठराव आणि निधी असं मानणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. पाणी तिथेच होतं. पायऱ्याही होत्या. कमी होती ती ठरावामागे उभं राहण्याची हिंमत. आणि ती अगदीच नव्हती असंही नाही: नगरपालिकेत सुरेंद्रनाथ टिपणीस होते, परिषदेच्या खटपटीत अनंतराव चित्रे होते, डिसेंबरच्या परिषदेला सवर्णांकडून जागा मिळेना तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. यातल्या प्रत्येकाला आपापल्या जातभाईंच्या डोळ्यांत डोळे घालून राहायचं होतं.

आता नेतृत्वाचा भाग. २५ डिसेंबर १९२७ ला दुसऱ्यांदा तळ्यावर जायचं ठरलं तेव्हा विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरती मनाई आणली होती. म्हणे तळं खाजगी आहे. हजारो लोक जिवावर उदार होऊन जमलेले. नेत्याने नुसती मान हलवली असती तर ते गेले असते. बाबासाहेबांनी जाऊ दिलं नाही. मनुस्मृतीचं दहन केलं, पण न्यायालयाची मनाई मोडली नाही, खटला लढवत राहिले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षं. ज्या धर्मग्रंथाचा अधिकार मानायचा नाही तो उघडपणे नाकारायचा आणि ज्या कायद्यावर पुढची इमारत उभी करायची तो गैरसोयीचा असतानाही पाळायचा, हे एकाच वेळी जमणारे पुढारी फार नसतात. दोन्हींची किंमत त्यांनी आणि त्यांच्या लोकांनी स्वतः मोजली.

वाळीत टाकणं म्हणजे काय

श्रद्धेची किंमत दुसऱ्याकडून वसूल करण्याचं गावातलं जुनं हत्यार म्हणजे वाळीत. दुकानदार सामान देत नाही, गिरणीवाला दळण घेत नाही, लग्नाला कुणी येत नाही, मयताला खांदेकरी मिळत नाहीत.

दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवा गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हा मुरुडने त्यांना वाळीत टाकलं. आई गावात, मुलगा बाहेर. गंमत अशी की याच माणसाने गावच्या भल्यासाठी मुरुड फंड उभा केला होता. बाहेरगावी कमावणाऱ्या मुरुडकरांकडून गावासाठी पैसे गोळा करणारा माणूस धर्म बुडवतो म्हणून गावालाच नकोसा झाला. पुढे १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं, आता सगळ्यांना ते आपले वाटतात.

कायद्याची वाट इथे सरळ गेली नाही. मुंबई राज्याने १९४९ सालीच समाजातून बहिष्कृत करण्यावर बंदी आणली होती. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी तिला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, कारण धार्मिक कारणावरून बहिष्कृत करणं हा त्या पंथाच्या धर्मविषयक कारभाराचा भाग आहे, असं बहुमताला वाटलं. इथे राज्यघटनेतली दोन वचनं एकमेकांना आडवी येतात: पंथाला आपला कारभार करण्याचं स्वातंत्र्य आणि त्या पंथातल्या एकट्या माणसाचं माणूस म्हणून जगण्याचं स्वातंत्र्य. दोन्हीही खरी आहेत. म्हणूनच विषय किचकट.

पुढे रायगड-रत्नागिरीत गावकीने कुटुंबंच्या कुटुंबं वाळीत टाकल्याची प्रकरणं गाजली. कारणं काय, तर गावकीचं ऐकलं नाही, पालखीच्या मानावरून बोलला, गावाने ठरवलेल्या माणसाविरुद्ध निवडणुकीला उभा राहिला. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जुलै २०१७ पासून तो लागू आहे. आमच्याकडे आता वाळीत शब्द कुणी तोंडातून काढत नाही. 'आम्ही त्यांच्याकडे जात नाही' असं म्हणतात.

संडासाचा अध्यात्माशी संबंध

कणकवलीला गोपुरी आश्रम आहे. तो अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली सुरू केला. लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणत. देव मानणारा, प्रार्थना करणारा माणूस, जन्माने ब्राह्मण. त्यांच्या श्रद्धेने त्यांना कुठे नेलं? मैल्याच्या टोपलीपर्यंत.

१९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. भंगीकाम मला द्या, अशी त्यांची मागणी. तुरुंगाच्या नियमाप्रमाणे ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांचं. ब्राह्मणाला ते देता येईना. सरकारने नकार दिला तेव्हा त्यांनी अन्न तोडलं. डिसेंबरमध्ये येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनी त्यांच्यासाठी उपवास सुरू केला आणि सरकारला हलावं लागलं. उपास आपण सगळेच करतो, एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार. संडास साफ करायला मिळावा म्हणून उपास धरणारा हा एकच माझ्या माहितीत.

गोपुरीत त्यांनी अशा संडासांवर काम केलं की ज्यात मैला माणसाने डोक्यावरून वाहून न्यायची पाळी येणार नाही आणि त्याचं खत शेताला मिळेल. मेलेल्या जनावराचं कातडं सोडवण्याचं कामही तिथे चाले. नीट पाहिलं तर हा स्वच्छतेचा कार्यक्रम, शेतीचा कार्यक्रम आणि जातिनिर्मूलनाचा कार्यक्रम एकाच खड्ड्यात आहे. नुसतं 'सगळी माणसं देवाची लेकरं' म्हणणं सोपं. ते खरं मानलं तर एका लेकराची घाण दुसऱ्या लेकराने का वाहायची, हा प्रश्न पडतो, आणि मग खड्डा किती खोल खणायचा इथपर्यंत विचार जातो. श्रद्धेचा विकासाशी संबंध जुळतो तो इथे.

आणि हे सगळं करून ते निवडणुकीला नारळ घेऊन कुणाच्या ओटीवर गेले नाहीत.

जाता जाता मतदारांचंही सांगायला हवं. राजापूर लोकसभा मतदारसंघाने बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते अशा समाजवाद्यांना १९५७ पासून १९९१ पर्यंत दिल्लीला पाठवलं. हे मतदार काही नास्तिक नव्हते. जत्रा, दहीकाले, पालख्या सगळं यथासांग चालू होतं. दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या आल्या. गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याची पाठ ही सुद्धा नीतीचीच बाब आहे, असं मला वाटतं. देवभोळा मतदार देव न नाचवणारा पुढारी निवडू शकतो, याचा हा चौतीस वर्षांचा दाखला आमच्याच अंगणात आहे.

देवाचा पैसा, सरकारचा पैसा

आता सभामंडपाकडे येऊ, कारण हल्ली गावात पुढाऱ्याची श्रद्धा मोजतात ती स्लॅबच्या चौरस फुटांत. राज्यघटनेचं कलम २७ सांगतं की एखाद्या विशिष्ट धर्माच्या वाढीसाठी कुणावर कर लादता येणार नाही. दुसरीकडे महाराष्ट्रात तीर्थक्षेत्रांना 'ब' वर्ग, 'क' वर्ग असे दर्जे देऊन सरकारी निधी मिळतो. हे कसं बसतं? तो निधी भाविकांच्या सोयींसाठी असतो: रस्ता, पाणी, स्वच्छतागृहं, वाहनतळ. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला लाखो माणसं येतात. त्यांना पाणी आणि संडास लागणारच, मग ती देवीला आलेली असोत की कशालाही. सरकारचा पैसा भाविकाच्या पायांसाठी, देवाच्या डोक्यावरच्या कळसासाठी नाही, एवढी रेघ लक्षात ठेवली तरी पुष्कळ. प्रत्यक्षात ती रेघ वाकते. उद्घाटनाच्या पाटीवर तर पैसा पुढाऱ्याच्या खिशातून आल्यासारखंच लिहिलेलं असतं.

याहून मला जास्त सलतं ते देवराईचं. आमच्या देवराया शेकडो वर्षं टिकल्या त्या देवाच्या धाकाने. पडलेली फांदीसुद्धा घरी न्यायची नाही. त्या धाकाची किंमत सगळे सारखी मोजत होते, मानकऱ्यालाही लाकूड नाही आणि कुळालाही नाही, आणि फायदा सगळ्यांना: खालच्या विहिरीला बारमाही पाणी. श्रद्धा आणि विकास यांचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला देता येणार नाही. आणि आता जीर्णोद्धाराच्या नावाखाली त्याच देवाच्या डोक्यावरची झाडं त्याच देवाच्या सिमेंटच्या देवळासाठी तुटतात. देवाला कौल लावूनच तुटतात. कौल बरोबर पडेपर्यंत लावतात, असं एका म्हाताऱ्या घाड्याने, म्हणजे देवाला कौल लावणाऱ्या मानकऱ्याने, मला सांगितलं, आणि सांगताना तो हसत नव्हता.

कौलावरून आठवलं. लोकशाहीत निर्णयाला कारण द्यावं लागतं, आणि ते कारण ज्याला माझा देव माहीत नाही त्यालाही तपासता आलं पाहिजे. पाण्याची टाकी अमुक वाडीत का, तर तिथली उंची जास्त आहे, हे कारण झालं. त्यावर कुणीही मोजपट्टी घेऊन भांडू शकतो. देवाने सांगितलं, यावर भांडता येत नाही. गावपळण कधी ते रामेश्वराला विचारावं, टाकी कुठे ते ग्रामसभेत ठरवावं.

आपल्याच माणसांना बोलणं

धर्मावर टीका करणारे पुष्कळ असतात, बहुतेक दुसऱ्याच्या. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई स्वतःच्या समाजाला बोलले. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान बायकांना घेऊन त्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा काढला. मागणी तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, समान कायदा आणा. सात. आजचा कुठलाही पुढारी एवढ्या गर्दीला मोर्चा म्हणणार नाही. १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं, पंचेचाळिशीही न गाठता १९७७ साली ते गेले, आणि एका दमात दिलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवला २२ ऑगस्ट २०१७ ला. सात बायका आणि ५१ वर्षं.

उत्तरेला वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत बिल्डर आणि गुंडगिरीविरुद्ध आवाज उठवला. झगा घातलेला धर्मगुरू, पण मुद्दा विहिरींचा आणि शेतजमिनीचा, म्हणून त्यांच्या मागे फक्त ख्रिस्ती उभे राहिले नाहीत.

काकीचं राहिलंच. मतदान झालं, निकाल लागला, गुलाल उधळून झाला. आठवड्याभराने ती म्हणाली, माझ्याबरोबर देवळात चल. तिने आपल्या माडाचा नारळ घेतला होता. गुरवाला सगळं सांगितलं, कोण आले होते त्यांची नावं न घेता. त्याने ऐकून घेतलं, नारळ देवासमोर ठेवला आणि आवाज चढवून गाऱ्हाणं घातलं: "बा देवा म्हाराजा, ह्या बाईचो हात कोणी दडपणान ठेवूक लावलो असात, तर तेतून तिका मोकळी कर रे म्हाराजा!"

देवळात आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "होय म्हाराजा."

मत कुणाला दिलं होतं ते मी विचारलं नाही. नारळाची एक वाटी गुरवाने ठेवून घेतली, दुसरीची तिने दुपारी सोलकढी केली.